केराबाईची घागर

केम,
मंगळवार

प्रिय चिंतू,

पत्र बघून दचकू नकोस. मोबाईल आहे माझ्याकडे, पण नको ते बोलणं निघालं की तुझी रेंज जाते. पत्राचं तसं नाही. तेव्हा चष्मा लाव, खुर्चीत नीट टेकून बस आणि शेवटापर्यंत वाच. गोदाला दाखवू नकोस असं मी म्हणत नाही, तुझ्या बायकोपासून काय लपवायचं? पण आधी तू वाच.

सईच्या लग्नाची पत्रिका पोचली. त्या पत्रिकेबद्दल पुढे बोलते. तुझ्या घरातलं नातीचं पहिलं लग्न, थोरल्या बहिणीनं हात हलवत यायचं नसतं, म्हणून काल सोलापूरला जाऊन आहेराची खरेदी केली. शेजारची कमरुन्निसा बांगड्यांचा माल भरायला जातेच, तिच्याबरोबर गेले. तिला सगळ्या गल्ल्या ठाऊक.

गोदासाठी चादर घेतली. दुकानदारानं वीसेक चादरी उलगडल्या. लाल आवडली होती, पण ठेवून दिली. मागे मी दिलेल्या लाल चादरीचा रंग गेला हे तिनं चार बायकांत सांगितलं होतं, ते मी विसरले नाही. तशी मी विसरतच नाही काही. मग निळी घेतली, मोरांची, आणि दुकानातच पदराचं टोक ओलं करून घासून पाहिली. रंग जात नाही. तिला सांग, आता बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. सईचा नवरामुलगा हृषीकेश उंच आहे म्हणे, तर जावईबापूंना मोठ्यातले मोठे टॉवेल घेतले. सईला जांभळी इरकल, काठ बोटांनी चाचपून निवडली. माझी नजर आता बोटांतच उतरलीय.

तुझ्यासाठी शेंगा चटणी घेतली, कुटून तेल सुटलेली. लहानपणी भाकरी संपली तरी तू ताटात बोट फिरवत चटणी चाटत बसायचास. आणि हो, कडक भाकरीही घेतली. पापडासारखी पातळ, पण चावायला दगड. गेल्या महिन्यात नवी कवळी बसवलीस ना? म्हणूनच घेतली. कमरुन्निसा म्हणाली, "आक्का, कवळीवाल्याला कडक भाकरी? ह्यो आहेर हाय का बदला?" मी म्हटलं, बदला अजून मांडीवरच हाय.

मांडीवर जुन्या लुगड्यात बांधलेली घागर होती. केमपासून गाडीत तशीच धरून नेली. कुर्डुवाडीला गाडी थांबली, तुझं घर डोळ्यांसमोर आलं आणि मी उगाचच तिच्यावर पदर ओढला.

कुठली घागर ते तुला आता कळलं असेल. आईला तिच्या बापानं लग्नात दिलेली. गळ्याखाली खिळा ठोकून ठिपक्याठिपक्यांनी नाव काढलेलं, केराबाई. अण्णा देवळात गुरव, पण महादेवाचं पहाटेचं पाणी यायचं आईच्या कंबरेवरून. तू शाळेत जायचास, मी घागर घासायचे. राख लावून घासताना बोट त्या ठिपक्यांवरून फिरायचं. एक दिवस तुझ्या पाटीवर 'रा' दिसला आणि मी ओरडले की हा तर आपल्या घागरीवरचा! तू पोट धरून हसलास. पण तिथून मी चार अक्षरं शिकले, आणि मग वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत बाकीची. आज हे पत्र लिहितेय ते त्याच चार अक्षरांच्या जोरावर.

आई गेली आणि तेरावं झाल्यावर घागर दिसेना. तू म्हणालास, देवळाच्या आवारातून चोरानं नेली. मी खुळी, अठरा वर्षं त्या चोराला शिव्या मोजत बसले. महादेवापुढे उभी राहून म्हणाले, ज्यानं नेली त्याची बोटं वाकडी होऊ देत. मग माझ्या घराची वास्तुशांत आली. मांडवात आपल्या भावकीतल्या अमरेशनं नेहमीसारखा माईकवर आहेर पुकारला, "यजमानीणबाईंचे बंधू चिंतामणी यांच्याकडून तांब्याची मोठी घागर!" लोकांनी माना डोलावल्या. घागर अशी उजळलेली की नवी कोरी वाटावी, त्यावर मशीननं कोरलेलं तुझं नाव. मी कौतुकानं ती कंबरेवर घेतली. चिंतू, ती बसली रे! नऊ वर्षांची असताना देवळाच्या पायरीवर मी घागरीसकट पडले होते, तेव्हाचा पोचा थेट माझ्या हाडावर येऊन टेकला. मग गळ्याखाली चाचपलं. कानशीनं घासलेलं होतं. शेवटच्या ईचे दोन ठिपके तेवढे राहून गेले होते. नाव घासलं म्हणजे बहिणीची बोटंही घासली जातात, असं वाटलं होय रे तुला?

त्या दिवशी मी बोलले नाही. मांडव माणसांनी भरलेला, तुझे दाजी हयात होते, आणि तू नवा सदरा घालून मिरवत होतास. तुला ओवाळलं, पेढा भरवला. वाटलं, आज ना उद्या आपणहून सांगेल. बावीस वर्षं वाट बघितली. मधे तुझी बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली तेव्हा मात्र माझं काळीज हललं. देवळात जाऊन नारळ फोडला आणि शाप मागे घेतला. त्यानंतरही ती सरळ झाली नाहीत, तो डॉक्टरचा दोष, माझा नाही.

तू का घासलंस तेही मला माहीत आहे. गोदाच एकदा बोलण्याच्या ओघात सांगून गेली. क्वार्टरमधल्या बायकांनी नळावर ते नाव वाचून विचारलं होतं, केराबाई कोण, तुमची कामवाली का? तू नवा साहेब झालेला, तुला लाज वाटली. तरणं वय, चुकतं माणूस, म्हणून मी ते पोटात घातलं होतं. कायमचं घातलं होतं.

पण गेल्या आठवड्यात पत्रिका आली. सोनेरी अक्षरं, वर गणपती, आणि त्याखाली 'कै. कलावतीदेवी रामलिंग गुरव यांच्या कृपाशीर्वादाने'. आधी वाटलं, पोस्टमननं दुसऱ्या कुणाची पत्रिका टाकली. मग अण्णांचं नाव नीट वाचलं. कोण रे ही कलावतीदेवी? अण्णांनी दुसरं लग्न केलं होतं आणि मला कुणी कळवलं नाही की काय? तुझी शाळा चालावी म्हणून जी बाई कुंकवाच्या कारखान्यात राबून कोपरापर्यंत लाल हात घेऊन घरी यायची, तिला तू दोनदा पुसलंस. एकदा कानशीनं आणि एकदा छापखान्यात. पहिल्या वेळी तू तरणा होतास. आता सत्तरीचा आहेस. आता कुणाची लाज वाटते तुला?

म्हणून घागर घेऊन सोलापूर. भांड्यांच्या गल्लीत वीरभद्रप्पा नावाचा म्हातारा नावं घालायला बसतो. घागर फिरवून बघत म्हणाला, "अव्वा, ही मोडीत घाला, नवी न्या की." मी म्हटलं, नाव घालायचंय. तर मशीन उचलून म्हणतो, "मग वरचं घासून टाकतो. एका मिनिटाचं काम हाय." एका मिनिटाचं! तुलाही असंच कुणीतरी म्हणालं असेल. मी त्याचा हात धरला. म्हटलं, अप्पा, पुसायचं काही न्हाय. हितं लई पुसून झालंय.

तुझं आहे तसंच ठेवलं, 'बंधू चिंतामणी यांजकडून सौ. बाळाबाईस सप्रेम भेट', तारखेसकट. त्याखाली त्यानं माझ्या हातच्या कागदावरून कोरलं, 'ही घागर केराबाई रामलिंग गुरव हिची. पणती सईला, लेक बाळाबाईकडून.' कोरून झाल्यावर म्हातारा दोन्ही ओळी वाचत बसला. मग माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता घागर पुसून हातात दिली. परक्या माणसाला कळलं, चिंतू.

रविवारी अक्षता पडल्या की अमरेश माईक घेईल. तो कसा आहे तुला ठाऊक आहे, दिसेल ते वाचतो. मागे मिक्सरच्या खोक्यावरचं 'पाण्यापासून दूर ठेवा'सुद्धा त्यानं पुकारलं होतं. घागर वरपासून खालपर्यंत वाचेल, आणि दारात तू कलावतीदेवीचा फ्लेक्स लावला असशीलच. खरं तर तुला न कळवताच येणार होते. कमरुन्निसा म्हणाली, "सांगू नका आक्का, मजा जाईल." पण मी विचार केला, त्या दिवशी तुला घटकाभर लाज वाटेल आणि तू जेवणाच्या पंगतीकडे निघून जाशील. मला ते कमी वाटलं. हे पत्र गुरुवारी पोचेल. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस तुला दुसरं काही सुचू नये, म्हणून हे लिहिलं. सईच्या कानावर मी काही घातलेलं नाही, पोरीचं लग्न गोडच व्हायला हवं. अमरेशच्या आधी उठून तू माईक घेतलास आणि 'माझी आई केराबाई' एवढं जरी म्हणालास, तर मी शेजारी येऊन तुझी वाकडी बोटं हातात धरून उभी राहीन. नाही उठलास तरी घागर येणारच आहे. आईचं नाव त्या मांडवात घुमणार, ते आता तुझ्या हातात राहिलेलं नाही. तुझ्या तोंडून की अमरेशच्या, एवढंच ठरव.

भाकरी आमटीत भिजवून खा. कवळी सांभाळ, रविवारी बोलायला लागेल.

तुझीच,
बाळाक्का,
केराबाईची थोरली लेक