पडद्यापुढची पेन्सिल

अब्बा, आज नवा मॉनिटर घ्यायला गेलो होतो. खोक्यावर डोळ्याचं चित्र, शेजारी हिरवं पान. असल्या चित्रांवर माझा विश्वास नाही. विकणाऱ्यानं उजेड पूर्ण ठेवून पडदा दाखवला, तिथंच मला शंका आली. पूर्ण उजेडात सगळेच पडदे सज्जन असतात. मी उजेड पाव केला, कोरं पांढरं पान उघडलं आणि खिशातली पेन्सिल पडद्यापुढं भराभर हलवली. चांगल्या पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसतो. इथं एकीच्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. "ह्यो लुकलुकतोय. दुसरा काढा." "काका, आय केअर हाय की ह्याला!" "स्टिकरला असंल, पडद्याला न्हाय." दुसरा चकचकीत निघाला, त्यात माझंच तोंड अन् मागची ट्यूबलाइट. तिसरा न चमकणाऱ्या काचेचा, स्थिर. तो आणला.

पेन्सिल हलवताना तुमचा हात आठवतो. कोर्टासमोर लिंबाखाली तुमचं टाइपरायटरचं टेबल. अर्जात एक अक्षर चुकलं तरी खोडायचं नाही, नवं पान लावायचं, हा तुमचा नियम. मी पुस्तकं वाचून एकट्यानं कॉम्प्युटर शिकलो, समोरच्या गाळ्यात पेटीएवढा जुना मॉनिटर मांडला आणि तुम्हाला त्याच्यापुढं बसवलं. आठ दिवसांत तुमचे डोळे लाल, कपाळाला रुमाल बांधलेला. ओळ दाखवायला तुम्ही पेन्सिल पडद्यापुढून नेता आणि थबकता. पुन्हा नेता. "अक्षरां नाचरे बेटा. ये देख, एक पेन्सिल के चार दिसरे." मी वळून बघतही नाही. मला वाटतं, टाइपरायटर सुटत नाही म्हणून हे सोंग चाललंय. आपण दखनीत बोलायचो, पण मी मुद्दाम मराठीत, बसलेल्या पक्षकारांना कळावं असं म्हणतो, "शिकायचं न्हाय तर न्हाय म्हणा, अब्बा. डोळ्यांचं निमित्त कशाला?" तुम्ही चष्मा पुसलात, उठलात, ते पुन्हा त्या खुर्चीवर बसला नाहीत.

पुढच्या वर्षी सेटिंग चाळताना सापडलं. पडदा सेकंदाला साठच वेळा उजळत होता. पंच्याऐंशी करता येत होतं, चार क्लिकचं काम. केलं, आणि अक्षरं जागच्या जागी उभी राहिली. दारातून तुम्ही दिसत होता, लिंबाखाली, मान खाली घालून. एक हाक पुरली असती. पण मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे चूकही कुणाच्या माथी मारता येत नव्हती. मी हाक मारली नाही. मग एकेक माणूस तुमचं टेबल ओलांडून माझ्या गाळ्यात येऊ लागलं, आणि तुम्ही शेवटपर्यंत, डोळे थकले, असंच सगळ्यांना सांगत राहिलात.

आज विकणाऱ्यानं विचारलं, "ही पेन्सिलीची युक्ती कुणी शिकवली, काका?" "कुणी न्हाय. माझं मीच." तोंडातून सवयीनं गेलं.

हे मी नव्या पडद्यावर लिहितोय. छापणार नाही. अक्षरं अजिबात हलत नाहीत. तेव्हा हलत होती, अब्बा.