वरच्या मजल्याची संमती

मी, खाली सही करणारी, वरिष्ठ सभागृहाची सदस्य, घरात आणि सभागृहातही 'ताई' याच नावाने ओळखली गेलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, हे डॉक्टरांनी तपासले आहे. फुप्फुसे नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही. तसा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांचे काय झाले हे संसदेत सर्वांना ठाऊक आहे.

१. घर. हे दुमजली घर वडिलांनी बांधले. ते संसदेच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. खालचा मजला त्यांनी माझ्या भावाला दिला आणि वरचा मला. भाऊ पुढे कनिष्ठ सभागृहाचा नेता झाला, मी वरिष्ठ सभागृहात गेले, आणि गल्लीने घराला 'छोटी संसद' म्हणायला सुरुवात केली. आमची धाकटी बहीण मात्र दोन्ही मजल्यांवर वावरते. तिला सगळे कळते, बोलता येत नाही. एखादी गोष्ट नको असली की ती हाताशी असेल तो कप पालथा घालते आणि हवी असली की पुढे करते. मग ती गोष्ट चहा असो, नवा डॉक्टर असो की उघडी खिडकी. माझा वरचा मजला मी धाकटीला देत आहे.

२. बँकेतली शिल्लक तिच्या औषधपाण्यासाठी. व्यवहार डॉक्टर पाहतील.

३. वडिलांचे भिंग आणि खिळे जुळवायची पट्टी भावाला द्यावी. एकाने जुळवलेला मजकूर दुसऱ्याने वाचल्याशिवाय छपाईला जाऊ द्यायचा नाही, हा वडिलांचा शिरस्ता होता. भावाने भिंगातून काय पाहायचे ते पाहावे.

४. भांडण. वकील म्हणाले, हे लिहू नका. म्हणून लिहिते. कारखान्यातल्या अपघातांच्या भरपाईचे विधेयक खालच्या सभागृहाने मंजूर करून आमच्याकडे पाठवले. त्यात हंगामी कामगारांना काहीच नव्हते. आम्ही दुरुस्ती सुचवली, त्यांनी फेटाळली. आम्ही पुन्हा सुचवली, त्यांनी पुन्हा फेटाळली. मग आम्ही आमचे जुने हत्यार काढले. विधेयक नाकारले नाही, फक्त चर्चेला घेतले नाही. भाऊ भर सभागृहात म्हणाला, "वरच्या मजल्यावरची मंडळी गरिबांची भरपाई दाबून बसली आहेत." मजल्याचा उल्लेख कोणासाठी होता, ते वेगळे सांगायला नको. त्याच्या मतदारसंघातली हात गमावलेली माणसे त्याच्या दारात बसत, हे मी खिडकीतून रोज बघत होते. त्याचा राग खोटा नव्हता. माझाही नव्हता. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. निरोप स्वयंपाकाच्या बाई नेऊ-आणू लागल्या. जिना चढून आल्या की म्हणायच्या, "खालच्या सभागृहाचं विधेयक आणलंय हो, ताई."

मग त्याने नवे विधेयक आणले. वरिष्ठ सभागृहाने मुदतीत निर्णय दिला नाही, तर त्याची संमती आहे असे धरावे. खाली ते मंजूर झाले आहे. उद्या वर मतदान आहे आणि मी इथे उशीला टेकून बसले आहे.

५. होकार. वडिलांची एक अट आहे. धाकटीबाबत कोणताही निर्णय आम्हा दोघांच्या होकाराशिवाय घ्यायचा नाही, आणि आपल्या पश्चात तो होकार कोणाकडे जावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. गेल्या हिवाळ्यात भावाने बाईंबरोबर निरोप पाठवला: माझेही वय झाले, ताई आजारी, धाकटीला चांगल्या संस्थेत ठेवू. मी काहीच कळवले नाही. मला वाटले, मी बोलले नाही म्हणजे विषय पडून राहील. एका सकाळी खाली गाडीचा आवाज आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धाकटी बसली होती, मांडीवर बोचके, बूट उलटसुलट पायांत.

"हे कोणी ठरवलं?" मी विचारले. कित्येक वर्षांतले माझे त्याच्याशी पहिले वाक्य ते.

"दोघांनी," भाऊ म्हणाला. "महिनाभर वाट पाहिली, ताई. तू नाही म्हणाली नाहीस."

"हो तरी कधी म्हटलं होतं रे?"

बाई दारात उभ्या होत्या. चाचरत म्हणाल्या, "सकाळीच कप पालथा घातला होता हो तिनं. मला वाटलं, चहा नको असेल."

मी खाली बसून धाकटीचे बूट काढले. गाडी रिकामी परत गेली. मी गेल्यावर ती पुन्हा येईल, या भीतीने मला झोप लागत नाही.

म्हणून वडिलांच्या अटीतला माझा होकार मी धाकटीच्याच स्वाधीन करते. तिच्याबाबत जे ठरवाल ते तिला समोर बसवून, वाचून, समजावून विचारावे. कप हाताशी ठेवावा. पालथा घातला तर विषय संपला. आणि ती नुसती बसून राहिली, तर मुदत संपली म्हणून तिचा होकार धरू नये.

~~६. माझ्या अखेरच्या निरोपाला भावाने येऊ नये. संसदेच्या वतीने तर मुळीच नाही.~~

७. बाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. माझे शिवणयंत्र मी कालच त्यांच्या घरी पोचवले आहे. वकिलांनी याकडे डोळेझाक करावी.

पुरवणी. वरील सर्व मजकूर आज धाकटीला वाचून दाखवला. पाचव्या कलमाला तिने कप दोन्ही हातांनी पुढे केला. सहाव्याला पालथा घातला. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी ते पुन्हा, सावकाश वाचले. तिने माझाही कप उचलला आणि तिच्या कपाशेजारी पालथा घातला. मी बराच वेळ वाद घातला. ती कपांवर हात ठेवून बसून राहिली. सहावे कलम मी खोडले आहे. भावाने यावे.

सही: ताई
साक्षीदार: घरचे डॉक्टर, स्वयंपाकाच्या बाई
ठिकाण: वरचा मजला, धाकटीच्या खिडकीजवळ
दिनांक: मतदानाचा आदला दिवस