भोंगा ऐकल्यावर निघू

५ नोव्हेंबर
लेकाचा, बसवेशचा फोन. पुण्यात खालच्या मजल्यावरचा फ्लॅट मिळालाय, आता दोघांनी यायचंच! मी लगेच हो म्हटलं. नातीची वेणी घालायला मिळेल, नळाला रोज पाणी! ह्यांनी माझ्या हातातला फोन घेतला — "कारखाना सुरू व्हायलाय. ह्या कानानं एकदा भोंगा ऐकतो, मग न्या कुठं न्यायचं तिथं."
झालं! इतकी वर्षं बंद पडलेला साखर कारखाना कुणीतरी भाड्यानं घेतला, आणि आमचं पुणं अडलं.

९ नोव्हेंबर
सकाळपासून तेच पुराण. हे बॉयलरवर होते तेव्हा काय थाट! हंगामाची पहिली साखर दारोदार जायची, एक घर सुटायचं नाही. ऊस टाकायच्या गव्हाणीच्या पूजेला साहेब आणि ऊसतोडवाले एकाच पंगतीत. "माणूस माणसाला इचारायचा," म्हणाले.
खरं आहे सगळं. पण वाळत घातलेल्या साडीवर चिमणीची काजळी पडायची, ते कोण सांगणार? मी सांगितलं.
"आँ?"
मी म्हणे तोंडातल्या तोंडात बोलते! ह्यांचा टीव्ही मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

१४ नोव्हेंबर
पितळी डबे पोत्यात बांधले.

२१ नोव्हेंबर
चिमणीतून धूर! शिवाराच्या पार पलीकडं, पण ओट्यावरून स्वच्छ दिसतो. हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर ओट्यावर. जेवायलाही आत येईनात. खूप चिडले मी — आणि ताट बाहेर नेऊन दिलं.

२३ नोव्हेंबर
वाजला!!
दुपारची भांडी घासत होते. लांबून, बारीक — पण तोच! आणि मी काय करावं? हात धुतले, तवा ठेवला, पीठ मळायला घेतलं! जेवणं कधीच झालेली. पूर्वी ह्या भोंग्याला पाळी सुटायची, माणसं घरी यायची, घरोघर तवा चढायचा. तेवढ्यात शेजारची गौराबाई पिठाच्या हातानं धावत आली — "अक्का, म्याबी तवा ठिवला की वो!"
हसून हसून दोघी भिंतीला टेकलो. मग दोघींचे डोळे भरले. मी आपली उठता-बसता पुण्याचं नाव घेत होते. आत हे एवढं साठलेलं, मलाच पत्ता नव्हता.
बाहेर गेलो. हे चिमणीकडं बघत तसेच बसलेले.
"ऐकला का?" मी विचारलं.
"काय?"
गौराबाई ओरडलीच, "भोंगा! आत्ता वाजला की, अण्णा!"
हे तिच्यावर खेकसले. "थट्टा करता व्हय? मला ऐकू आल्याबगर वाजला कसा? बसवेशनं शिकवलंय तुमाला. लई घाई पुण्याची!"
आणि पुन्हा धुराकडं तोंड. सगळी उमर बॉयलरच्या घरघरीत घालवली ह्यांनी. गौराबाई माझ्याकडं बघायला लागली. मी तिला खुणेनं गप्प केलं.
भाकरी झालीच होती. गूळ घालून ह्यांना दिली. "आज दुसऱ्यांदा कशी?" म्हणाले, आणि खाल्ली सगळी.

२४ नोव्हेंबर
बसवेशचा फोन. "आई, काल भोंगा वाजला म्हणं! गाडी कधी घेऊन येऊ?"
"तुझ्या अप्पांनी अजून ऐकला न्हाय," म्हटलं. फोन ठेवला आणि पोतं सोडायला बसले. डबे परत फळीवर लावले.