एकशे चौदा वेळा ‘या ठिकाणी’

एकशे अकरावं ‘या ठिकाणी’ खोडत होतो आणि मारुतीराव समोरच्या खुर्चीत बसून ते बघत होते. ठरल्यापेक्षा तासभर आधी आले. उरलेली तीन त्यांच्यासमोरच खोडली. आता ते गेलेत, म्हणून तुला लिहायला घेतलं.

ती. ताईस मधूचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वर्तकनगरच्या तुमच्या इमारतीत लिफ्ट बसली, की अजून बैठकाच चालू आहेत? इकडे डोंबिवलीत हिची सर्दी सोडता सगळं बरं आहे. माझं बरं नाही.

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मी मारुतीरावांची मुलाखत घेतली. ते आमच्या भागाचे माजी नगरसेवक. आठ पानं त्यांच्यासाठी राखून ठेवली होती आणि परवा सगळा मजकूर छपाईला द्यायचा आहे. (पानं रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी संपादन समीक्षाकडे जाईल, असं समितीने ठरवलंय. मी एकोणीस वर्षं अंक काढतोय. समीक्षा शिमग्यानंतर सभासद झाली.) दीड तासाचं बोलणं ऐकून उतरवून काढलं. हा माणूस ‘पाणी आणलं’ असं म्हणत नाही. ‘या ठिकाणी पाणी आणण्याचं काम निश्चितपणे आपण केलं,’ असं म्हणतो. कोणत्या ठिकाणी? पाइपलाइन शीळफाट्याकडे आणि हे माझ्या सोफ्यावर. हल्ली सगळेच असे. मागच्या वर्षीच्या नटीला सगळं ‘कुठेतरी’ वाटायचं. नवऱ्यावरही तिचं कुठेतरी प्रेम होतं. त्याच्या आधीचे गायक प्रत्येक उत्तरापूर्वी ‘खूप सुंदर प्रश्न’ म्हणायचे. मी त्यांना गाव विचारलं होतं. यंदा ठरवलं, असलं काही छापायचं नाही. सगळी ‘या ठिकाणी’ काढली, ‘निश्चितपणे’ काढली, ‘करण्याचं काम’ काढलं. आठ पानांचं पाऊण पान उरलं.

मुलाखत छापण्याआधी पाहुण्याला दाखवायची आणि खाली त्याची सही घ्यायची, हा आमचा नियम. (मीच केलेला.) त्यांनी पाऊण पान दोनदा वाचलं.

‘सर, मी एवढंच बोललो?’

‘एवढंच.’

‘दीड तास?’

‘बाकीचं मी काढलं.’

‘वहिनींनी मध्ये दुसऱ्यांदा चहा केला होता. वायफळ बोलणाऱ्याला कोण दुसरा चहा देतं?’

‘पहिला बोलता बोलता गार झाला होता, भाऊ,’ ही आतून म्हणाली.

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, ‘समोर माइक आला ना सर, की पुढचं वाक्य सापडेपर्यंत उभं राहायला काहीतरी लागतं. तेवढंच तुम्ही काढलंत.’

मी म्हटलं, छापलेल्या पानावर कुणाला उभं राहावं लागत नाही. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि चप्पल घालून निघून गेले. सही केली नाही. म्हणजे आता पाऊण पानही नाही.

तुमच्याकडच्या मोठ्यांना वाकून, लहानांना पाठीवर थाप.

तुझा
मधू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. हरिहरेश्वरच्या प्रवासावरचा तुझा तो लेख अजून आहे का? मी तीन वेळा साभार परत पाठवलेला? आता आठवून पाहताना तो बरा वाटतो. आठ पानं होईल ना? नसेल तर समुद्र वाढव. तिसऱ्यांदा परत पाठवल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शेजारची रसिका ठाण्याला कामाला जाते, ती उद्या तुझ्या दारात देईल. लेख तिच्याकडेच दे.

ता. क. (सकाळी) साडेसातला मारुतीरावांचा मुलगा प्रशांत लिफाफा देऊन गेला. त्यांनी मुलाखत स्वतः लिहून काढली आहे. अक्षर चांगलं आहे. आठ पानं भरली आहेत. माझे प्रश्न त्यांनी एकेका ओळीत बसवले आहेत. खाली सही आहे. ‘या ठिकाणी’ न मोजता तशीच छपाईला देतोय. लेख पाठवू नकोस.