सुमेधा तात्पुरती ट्रॉयला गेली

३ मार्च
आज सुमेधा ट्रॉयला गेली. मिशिगनमध्ये, गाड्यांच्या कंपनीत जॉब. माझ्या रिसर्चपायी इतकी वर्षं न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत अडकली होती, तिलाही चेंज हवा. तात्पुरतं आहे. माझा कोपॉलिमर जमला की पेपर, पेपर आला की मीच तिकडे नोकरी शोधणार. एअरपोर्टवर खूप रडली. मी नाही रडलो. कुणीतरी खंबीर राहायला हवं. शिवाय लॅबमध्ये सॅम्पल ओव्हनमध्ये होतं.

४ मार्च, सकाळ
घर मोकळं वाटतंय. कुकर नेला, कढया नेल्या, हिवाळी कपडे नेले. उन्हाळीही नेले. मिशिगनच्या हवेचा भरवसा नाही.
संकल्प: रोज फोन. रोज म्हणजे रोज.

१९ मार्च
खालच्या शुभाकाकूंनी विचारलं, तू नक्की करतोस काय रे? सांगितलं: कोपॉलिमर म्हणजे दोन प्रकारचं प्लॅस्टिक एकाच साखळीत जोडायचं, एक लवचिक, एक मजबूत. त्याची बारीक नळी करायची, लहान मुलांच्या हार्ट सर्जरीसाठी. तिच्यात रक्त गोठता कामा नये. एवढंच राहिलंय. काकू म्हणाल्या, छान, आणि सुमेधाला कधी आणतोस? विषय बदलायची सवय आहे त्यांना.
आज रक्त गोठलं. पण सावकाश गोठलं. माझ्या प्रोफेसरबाईंना तसं वाटलं नाही.
फोन राहिला.

६ एप्रिल
काल सुमेधाचा वाढदिवस. दिवसभर लक्षात होतं. पण लॅबमधला पंप बिघडला. आज फोन केला तर म्हणाली, राहू दे मिहीर, मी अपेक्षाच ठेवली नव्हती. किती समजूतदार बायको!

२ मे
जमलं! नळीतून रक्त फिरत राहिलं, एक गुठळी नाही!! नेमका तेव्हाच सुमेधाचा फोन. महत्त्वाचं बोलायचंय म्हणाली. म्हटलं, थोड्या वेळात करतो. नळीचा फोटो मात्र लगेच पाठवला. तिनं अंगठा पाठवला. शब्द सुचले नसतील.

११ मे
रक्त गोठू नये म्हणून त्या दिवशीच्या रक्ताच्या बाटलीत आधीच औषध घातलेलं होतं. लेबलवर लिहिलं होतं. लेबल मागच्या बाजूला होतं.
बाई म्हणाल्या, आय ॲम सॉरी, जूनपासून प्रोजेक्ट बंद.
एका अर्थी बरंच झालं. आता ट्रॉयला जायला मी मोकळा. सुमेधाला सरप्राइज देणार.

२३ मे, ट्रॉय
दहा तास ड्राइव्ह केलं. दार उघडून ती नुसती बघत राहिली. मग आत घेतलं. पोहे केले. हळू खा म्हणाली. मी म्हटलं, जूनपासून प्रोजेक्ट बंद, घरही सोडतोय, आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. ती म्हणाली, मला आता नकोय रे तुझा वेळ. वकिलाशी बोललेय. कधीपासून सांगायचा प्रयत्न करतेय. ओरडली असती तर बरं झालं असतं. बशी उचलायला तिनं हात पुढे केला. मी धरायला गेलो. तिनं सोडवून घेतला.
खाली गाडीत येऊन बसलो तर तिचा फोन. वाटलं, वर बोलावतेय. म्हणाली, तुझा चार्जर राहिलाय, पोस्टानं पाठवते. जूनपासूनचा पत्ता काय?
माहीत नाही म्हटलं.
बरं म्हणाली. मग तिनं ठेवला.