अर्शियाचा एका ओळीचा फीडबॅक

अर्शिया,

हे पत्र मी पाठवणार नाहीये, त्यामुळे खरं लिहितो.

नव्या प्रॉडक्टची टीम आठ महिने रोज लांबून, मांजरी गावाहून येऊन तूच चालवलीस. तरी मला इंजिनिअरिंग मॅनेजर मोठ्या कंपनीतलाच हवा होता. कळस म्हणजे, त्याची मुलाखत घ्यायला मी तुलाच बसवलं. अभयरावांनी दीड तास बोर्डवर चौकोन आणि बाण काढले. मी भारावलो. तू फीडबॅकमध्ये एकच ओळ लिहिलीस: "टीममध्ये कोण कोण आहे, हे यांनी एकदाही विचारलं नाही." मला वाटलं, जळतेस.

मी अभयरावांनाच घेतलं. ते चार महिन्यांत नोकरी सोडून गेले. जाईपर्यंत टीममधल्या सुशांतला संकेत म्हणत होते. तू त्यांच्याआधीच राजीनामा दिलास, तोही एक शब्द न बोलता. निदान भांडायचंस तरी.

आता परत मुलाखती. आज कल्याणी नावाच्या बाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "आत्तापर्यंत टीम कोण सांभाळत होतं?"

मी तुझं नाव सांगितलं.

"मग त्यांनाच का नाही केलंत मॅनेजर?"

मी उठून बोर्ड पुसायला लागलो. तो कोराच होता.

एके काळचा तुझा बॉस,
प्रज्ञेश