चौकोनाला वळसा

अमळनेर, गुरुवार, दुपार

प्रिय वृषालीताई,

सप्रेम जय भीम.

हे पाकीट बघून आधी तुझ्या कपाळाला आठ्या पडतील, मग तू म्हणशील, मोबाईलवर नकाशे काढणाऱ्याला आता वहीचे कागद आठवले का. आठवले. तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्याबद्दल माझी तक्रार नाही, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण शनिवारी तू तुझ्या शाळेची एकशे चौसष्ट पोरं घेऊन आमच्या जीन पार्कला येणार आहेस. ती आणू नकोस. सांगायचं आहे ते एवढंच. नुसतं एवढं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, ह्याचं मालकाशी वाजलेलं दिसतंय, म्हणून आमची सहल मोडायला निघालाय. म्हणून पहिल्यापासून लिहितो. रागावत वाच, पण शेवटपर्यंत वाच.

पार्क तू अजून पाहिलेला नाहीस. गावाबाहेर मोतीलालशेठच्या वडिलांची कापसाची जीन होती, सरकी काढायचा कारखाना, तीस वर्षं बंद पडलेला. बावन्न एकर. शेठने गोडाऊनं रंगवून घेतली, जुनी यंत्रं काचेआड ठेवली, झोके आणले, खायचे गाळे टाकले. पहिल्याच आठवड्यात पारोळ्याचे एक आजोबा स्वच्छतागृह शोधत गेले ते अडीच तासांनी मागच्या बाभळींत सापडले, आणि घरच्यांना वाटलं की ते रुसून घरी गेले. मग शेठने मला बोलावलं. फाटकावरचा चौकोनी कोड मोबाईलने टिपायचा, की आख्खा पार्क पडद्यावर. तुम्ही म्हणजे निळा ठिपका. पाणी कुठे, गाडी कुठे लावली, हरवलेलं पोर कुठे आणून देतात, सगळं बाण दाखवतो आणि मराठीत बोलतो. बोलणारा आवाज मेघाचा आहे, आपल्या मोठ्या काकांच्या मेघाचा. तिला त्याचा फार अभिमान आहे. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

असा नकाशा वरून फोटो घेऊन होत नाही, ताई. वरून छपरं दिसतात, कुठलं फाटक कुलपात असतं ते दिसत नाही. हे मी कुठल्या कोर्सात शिकलो नाही, बाबांच्या सायकलवर शिकलो. तू मागे कॅरिअरवर, मी पुढे नळीवर, आणि बाबांची टपालाची पिशवी हँडलला. धुळ्याला देवपुरात नदीकडच्या त्या बोळात लोक भिंतीला घासून जायचे, मधली फरशी मोकळी सोडून. मी म्हटलं, बाबा, मधून चला ना. बाबा उतरले, सायकल हातात धरून भिंतीच्या कडेनेच गेले, आणि बोळ संपल्यावर एका आजीला विचारलं. तिने सांगितलं, खालची गटार आतून खचली आहे. बाबा मला म्हणाले, लोक वळसा घेतात तिथे आपण आधी वळसा घ्यायचा, का ते मागून विचारायचं. तू तेव्हा कॅरिअरवर बसून चिंचा खात होतीस, तुला आठवणार नाही.

तर मी तेच केलं. पार्कात झाडलोट करणाऱ्या, पाणी घालणाऱ्या सहा जणांना जुने मोबाईल दिले, आठ दिवस खिशात ठेवा म्हटलं. सगळे जीनच्या मागच्या वस्तीतले, त्यांचे आईबापही जीनमध्ये होते. माणूस चालतो तशी पडद्यावर रेघ उमटते. आठ दिवसांनी सहा जणांच्या रेघा एकावर एक टाकल्या तर पायवाटा आपोआप दिसायला लागल्या. फक्त मधल्या मैदानात एक मोकळी जागा उरली. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, चारी कोपरे काटकोनात. आत एकही रेघ नाही. झाडायला जाणारी दगडीबाई उपाहारगृहाकडून फाटकाकडे दिवसातून दहादा जायची आणि दहाही वेळा त्या जागेला वळसा घालून जायची. तिथे भिंत नाही, कुंपण नाही, नुसती माती.

आमच्या यंत्रात रेघा सरळ करायची सोय असते. मोबाईल चुकला, उपग्रह चुकला, की रेघ वेडीवाकडी पडते, मग एक बटण दाबायचं. मी दाबलं. वळसे गेले, मैदानाच्या मधोमध एक छान सरळ वाट आली. यंत्राची चूक होती, दुरुस्त केली, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढे आगीच्या परवानगीसाठी संकटाच्या वेळी जमायची जागा दाखवा असं निघालं. बावन्न एकरांत गाळे नाहीत, झाड नाही, खांब नाही अशी तेवढीच जागा. मी तिला हिरवा रंग दिला. शेठने तिथे दोन फूट माती टाकून हिरवळ लावली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाण्याचे फवारे सुरू केले.

हिरवळ छान आली. एकच गोष्ट मला बघवत नव्हती. फवारे बंद झाले की कडेला पाणी साचून राहायचं आणि मध्ये लगेच कोरडं व्हायचं. मी रोज खिडकीतून ते बघायचो आणि पडदा ओढून घ्यायचो.

सोमवारी सकाळी तिथे 'जमण्याची जागा' असा फलक उभा करायचा होता. रोहिदास नावाचा बाहेरगावचा गडी पहारीने खड्डा घेत होता. चौथ्या घावाला पहार त्याच्या हातातून निसटली आणि खाली गेली. आख्खी पहार, पाच फुटांची. तो नुसता हाताकडे बघत उभा राहिला. मग खालून आवाज आला. पहार जाणं आणि आवाज येणं यांच्यात एक आकडा मोजण्याइतका वेळ गेला. रोहिदास गुडघ्यांवर टेकून मागे सरकत सरकत बाहेर आला, त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

जीनचे जुने राखणदार गिरधरआबा तिथे आले. ऐंशीच्या घरातले आहेत. म्हणाले, "हौद शे तठे. बठ्ठास्ले माहीत शे." सगळ्यांना, म्हणजे मागच्या आख्ख्या वस्तीला माहीत आहे. कापसाच्या गंजीला आग लागली तर पाणी हवं म्हणून प्रत्येक जीनला हौद असतो. ह्या हौदात एकदा बैल पडला, तेव्हा लोखंडी तुळया टाकून वरून फरश्या घातल्या आणि मुकादमाने हुकूम काढला की हौदावर पाय ठेवायचा नाही. मुकादम मेला, जीन बंद पडली, फरश्यांवर माती चढली. लोक मात्र वळसा घालतच राहिले. दगडीबाईला मी विचारलं तर म्हणाली, "मनी माय बी असंच फिरीसन जाये." आई वळसा घालायची म्हणून ही घालते; हौद कधी पाहिलास का, विचारलं, तर नाही म्हणाली. साठ वर्षं त्या तुळया खाली ओलीत आहेत, आणि आता त्यांच्यावर दोन फूट ओली माती आहे.

शेठच्या मॅनेजरने भोकात सिमेंट ओतलं आणि फलक तीन फूट बाजूला लावला. मी म्हटलं, ही जागा बंद करा, मी नकाशातून काढतो. ते म्हणाले, परवानगीचे कागद गेलेत, शनिवार होऊ द्या, मग इंजिनिअर आणू. मंगळवारी मी नकाशा उघडायला गेलो तर माझा पासवर्ड चालेना. बुधवारी फाटकावर सांगितलं, तुमचं काम संपलं. त्याच दिवशी सरकारी कचेरीत अर्ज दिला. आवक शिक्का मारून मिळाला आणि साहेब सोमवारी येतील असं कळलं. तुझ्या शाळेतही फोन केला. तुमचे रुपचंद क्लार्क सज्जन माणूस आहेत. त्यांनी फाईल काढली आणि म्हणाले, पार्ककडून जागा सुरक्षित असल्याचं पत्र आलंय, खाली सही प्रशील भटू अशी आहे, ते तुम्हीच ना? मी हो म्हटलं, सही मीच केली होती, पहार जायच्या आधी. मग त्यांनी अदबीने फोन ठेवला.

सहल फुकट का आहे ते तुला कोणी सांगितलं नसेल. शनिवारी साडेअकराला भोंगा वाजणार आहे. आग लागली असं समजून सगळ्यांनी हिरव्या जागेत जमायचं, त्याचं चित्रीकरण करायचं आणि ते परवानगीच्या कागदांना जोडायचं. त्याला गर्दी हवी आणि पोरं सांगितलेलं ऐकतात. सगळे मोबाईल एकदम लाल बाण दाखवतील, मेघाचा आवाज सांगेल की घाई करू नका, सरळ चाला. तुझी शाळा पहिल्या रांगेत आहे, मैदानाच्या मधोमध. यादी मी पासवर्ड जाण्याआधी बघितली होती. त्यात अजून दोन शाळा आहेत, एक दोंडाईचाची आणि एक चोपड्याकडची. त्यांच्यात माझी बहीण नाही. कागदाच्या मागे दोन्ही शाळांच्या बाईंचे नंबर लिहिलेत. माझ्या बोलण्याची आता किंमत नाही, तू बाई म्हणून बोललीस तर त्या ऐकतील. शनिवारी मीही तिथे असेन. गिरधरआबा मागच्या फाटकाने सोडतील.

हे पत्र सविताच्या हाती देतोय, आपल्या गल्लीतली, अमळनेर-धुळे गाडीवर कंडक्टर आहे ती. तुझ्याच हातात देईल. सही केलेल्या माझ्या पत्रापेक्षा ह्या पत्रावर विश्वास ठेव, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? म्हणून एक गोष्ट लिहितो, जी मॅनेजरला सांगितली नाही, अर्जातही लिहिली नाही. ताई, मला माहीत होतं. यंत्राची चूक अशी काटकोनात पडत नाही, हे मला पहिल्या नजरेला कळलं होतं. बाबांनी शिकवलं तसं मी जाऊन गिरधरआबांना विचारलंही होतं, आणि त्यांनी ह्याच शब्दांत सांगितलं होतं, हौद शे. मी नकाशावर तसं लिहूनही ठेवलं होतं. मग नकाशाच्या उद्घाटनाला दोन दिवस राहिले, शेठ म्हणाला आता नवीन काही काढू नका, आणि मी ते पुसलं आणि बटण दाबलं. तो दिवस बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा होता. तू देवपुरात वंदनेला लोक थांबवून माझी वाट बघत होतीस, दर दहा मिनिटांनी फोन करत होतीस, आणि मी इथे बसून त्या रेघा सरळ करत होतो. फोन उचलला असता तर तुझा आवाज ऐकून मला ते पुसवलं नसतं, म्हणून उचलला नाही. सोमवारी पहार गेली तेव्हा आबांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. तू पोरं आणली नाहीस तरी बाकीच्या दोन शाळा येतील, म्हणून शनिवारी दहा वाजल्यापासून मी त्या हिरवळीच्या मधोमध जाऊन बसणार आहे. माणूस बसलेला असताना त्यांना चित्रीकरण करता येणार नाही, आणि मला उचलायचं तर त्यांना तिथे चालत यावं लागेल. दगडीबाईला बजावून ठेवलंय की काहीही झालं तरी माझ्याजवळ यायचं नाही. ती म्हणाली, मी वळसा घालूनच जाईन.

तुझाच,
प्रशील